गाडीचं ऐकणारे मिस्त्री

मिस्त्री गिऱ्हाइकाचं ऐकून घेत नसत. परतवाड्याला जीपा उभ्या राहतात त्या जागेच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. गाडीला काय झालंय ते आपण सांगायला लागलो, की ते पंजा वर करून म्हणत, "तुमी नका सांगू. तिले सांगू द्या." मग बॉनेट उघडायचं, चालू इंजिनावर स्क्रू फिरवायचा लांब पेचकस टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. तेवढा वेळ शेजारच्या पानठेल्यावरचं गाणंही बंद होई. थोड्या वेळानं ते डोळे उघडत तेव्हा दुखणं कुठं आहे ते त्यांना कळलेलं असे.

मी गुरांची डॉक्टर. पहिली नेमणूक मेळघाटच्या पायथ्याशी झाली आणि गावोगाव फिरायला गाडी हवी होती. बार्शीटाकळीच्या माझ्या मामांकडे गोठ्यात एक जुनी डिझेल जीप पडून होती. तिच्यावर कोंबड्या बसत. मामांनी ती देऊन टाकली. ज्यानं त्यानं मला ती भंगारात घालायला सांगितलं. मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली, रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पीस काढलं आणि म्हणाले, "झोपली हाय. मेली नाई."

ती उठली, पण मामांच्या उंचीच्या माणसासाठी घडलेली होती. माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. मिस्त्रींनी मला सीटवर बसवलं, खडूनं खुणा केल्या, सीट पुढे घेतली आणि पेडलवर पट्टी जोडून ते माझ्या पायाशी आणलं. मागची बाकं काढून वासरू आडवं निजवता येईल अशी फळी बसवली. आमच्या वाटेवर नाले फार, म्हणून इंजिनात हवा नेणारा पाइप त्यांनी काचेच्या बाजूनं थेट टपापर्यंत वर नेला. ते कशासाठी, असं मी विचारलं. "पाणी गळ्याशी आलं तं आपण नाक वर करतो का नाई? तिचंबी तसंच," ते म्हणाले.

नुसत्या नटण्याचा मात्र त्यांना तिटकारा होता. अमरावतीची हौशी मंडळी रुंद टायर आणि टपावर दिव्यांची रांग लावून मागायला येत. मिस्त्री त्यांना जायचंय कुठं तेवढं विचारत. शहरातच फिरायचं असेल तर चहा पाजून परत पाठवत. जंगलातल्या गावांना माणसं नेणारा कुणी असला, तर त्यानं न सांगताही त्याच्या गाडीच्या धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जास्तीचा पाटा घालत. "गाडी रस्त्यासाठी बदला, लोकायले दाखवाले नाई," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

मग हळूहळू त्यांचे कान गेले. आयुष्यभर इंजिनाजवळ कान नेऊन उभं राहिलेला माणूस तो. आधी ते भलतंच उत्तर देऊ लागले, तेव्हा आम्ही हसलो. पण एका सवारी जीपमधली खडखड त्यांना ऐकू आली नाही. गाडी ठीक आहे म्हणून त्यांनी सोडली आणि घाटात तिचं इंजिन जाम झालं. कुणाला इजा झाली नाही. पण लेकुरवाळ्या बाया उन्हात रस्त्याकडेला बसून राहिल्या. मिस्त्रींना ते कळलं त्याच दिवशी त्यांनी शटर ओढलं. अकोल्याहून कानाचं यंत्र आणलं, तेही काढून ठेवलं. त्यातून सगळेच आवाज सारखे मोठे येतात, खरं कोण बोलून राहिलं ते समजत नाही, असं ते म्हणत.

पुढं माझी जीप आवाज करू लागली. मी ती दुसरीकडे नेली नाही. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर होतं, तिथं दाराशी नेऊन उभी केली. मिस्त्री बाहेर आले, गाडीकडे पाहिलं आणि हात जोडले. "डॉक्टरबाई, बहिऱ्या माणसाच्या हाती गाडी देऊ नोका."

इंजिन चालूच होतं. त्यांच्या बायको शांताकाकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सूप घेऊन तशाच उठल्या आणि मिस्त्रींच्या कानाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "लाह्या फुटून राहिल्या. सरत आल्यावर थांबून थांबून फुटते ना, तशा."

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिले. या बाईचा सगळा संसार गॅरेजच्या भिंतीपलीकडे झाला होता. रोज स्वयंपाक करताना त्यांनी आजारी इंजिनं ऐकली होती आणि बरी झालेलीही. मिस्त्री आत जाऊन पाना घेऊन आले. डिझेल नेणारी एकेक नळी ते सैल करत, काकूंकडे बघत आणि पुन्हा कसत. एक नळी सैल झाली आणि काकूंनी हात वर केला. लाह्या थांबल्या होत्या. बिघाड त्याच नळीच्या नोझलमध्ये होता.

मिस्त्रींनी हात पुसले. मग काकूंना विचारलं, "इतके दिवस काहून नाई बोलली?"

"तुमी इचारलं कधी?"

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं. काकू स्टुलावर बसू लागल्या. गॅरेजात बाई कशाला, असं चार लोक बोललेच. पण ज्यांच्या गाड्या सुधारल्या ते बोलायचे थांबले. काकूंच्या तोंडी जातं, चाळणी, उकळती डाळ. मिस्त्री त्यावरून नेमका नट शोधत. म्हातारपणी दोघं इतकी बोलतील असं त्यांनाही वाटलं नसावं. कामात नसली तरी ती एकमेकांना आवाजच सांगत बसत.

माझी बदली बाळापूरला झाली. निघताना मिस्त्रींनी गाडीभोवती फिरून चारी टायरांवर हात थापटला आणि काळ्या मातीत ब्रेक जपून मार, एवढंच सांगितलं. तोवर ते मला अगंतुगं करू लागले होते. ती शेवटचीच भेट. गेल्या हिवाळ्यात ते गेले. काकूंनी गॅरेज बंद केलं नाही. एक कारागीर ठेवला, आणि स्टुलावर अजून त्याच बसतात.

परवा माझी जीप चालता चालता धाप टाकू लागली. मी काकूंना फोन लावला. त्यांनी फोन इंजिनाजवळ धरायला सांगितलं. जराशानं म्हणाल्या, "डिझेलच्या नळीत हवा शिरली. सांध्याचा नट कस, अन् इंजिनाच्या बाजूचा हातपंप दाबून हवा काढ."

मी तसं केलं. जीप एकसुरी चालू लागली. मी काकूंना आनंदानं सांगितलं आणि आता गाडी बंद करते म्हणाले.

"राहू दे तशीच," त्या म्हणाल्या. "त्यायच्या हातची हाय."

मी फोन पुन्हा बॉनेटखाली धरला.