चष्मेवाल्याचा खोल पाण्यातला गुरू

पहाटेपासून वारा असा सुटला होता की दुकानाची पाटी खिळ्यावर डोकं आपटून घेत होती. आत चष्मेवाला भिंगाची कड घासत होता, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. भिंग इतकं घासलं गेलं की फ्रेममध्ये खुळखुळायला लागलं.

"कुठे बुडालात?" काउंटरवरून बायको म्हणाली.

प्रश्न अचूक होता. हौशी पाणबुडेगिरी त्याची करून झाली होती. मासे बघायचे, फोटो काढायचे, वर यायचं. आता टेक्निकल डायव्हिंगचं खूळ लागलं होतं. म्हणजे पाठीवर सिलिंडरची जोडी आणि खाली इतकं खोल, की घाबरलो म्हणून तडक वर येता येत नाही. घाई केली तर अंगात मुरलेला वायू रक्तात बुडबुडे धरतो, म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत यावं लागतं. तिथे चुकलेला माणूस दुसऱ्यांदा चुकायला उरत नाही. तेव्हा शिकायचं कुणाकडे, यावर त्याचा जीव टांगलेला होता.

पहिले होते सर. बाजारात काचेच्या दारांचं डायव्हिंगचं दुकान, भिंतीभर फोटो: पाण्यातले सर, बोटीवरचे सर, शार्कपेक्षा मोठे दिसणारे सर. बायको सोबत गेली होती. मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखी ताठ बसली आणि एकच विचारलं, "तुम्ही बुडी शेवटची कधी रद्द केलीत?" हा प्रश्न तिने नवऱ्याच्याच डायव्हिंगच्या पुस्तकातून उचलला होता. पुस्तक विकत त्याने घेतलं होतं, वाचलं तिने.

सर मनापासून हसले. "वहिनी, रद्द हा शब्दच आपल्याकडे नाही. आजवर एकही नाही."

चष्मेवाल्याची छाती सरांच्या वतीने फुगली. बायकोने पर्स उचलली.

दुसऱ्या होत्या बाई. गावाबाहेर दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठलेलं, काठावर पत्र्याची खोली. बायकोचा प्रश्न तोच.

"परवाच केली," बाई म्हणाल्या.

"का? काय बिघडलं?" चष्मेवाल्याने तोंड घातलं.

"काही नाही. मन लागेना. आमच्यात कुणीही बुडी रद्द करावी, आणि कारण कुणी विचारू नये. तुम्ही नवे आहात, चालायचंच."

मग त्यांनी त्याला छातीइतक्या पाण्यात आडवं तरंगायला लावलं. तळाचा गाळ हलता कामा नये, एवढीच अट. चष्मेवाल्याने हात मारले, पाय झाडले, आणि बघता बघता खाणीचा चहा केला.

"तुम्ही पाण्याशी भांडता," बाई काठावरून म्हणाल्या. "आधी भांडण मिटवा. खोलाचं पुढच्या वर्षी बघू."

घरी येताना त्याचा तिळपापड झाला होता. "वर्षभर डबक्यात लोळू? लोक काय म्हणतील?"

"लोक खाली येणारेत का तुमच्याबरोबर?"

"जिचं स्वतःचं मन लागत नाही, ती मला काय शिकवणार?" असं म्हणून त्याने सर निवडले. निवडले कसले, फोटोंना हार घातला.

सरांचे वर्ग झकास चालले. शंका विचारली की सर पाठीवर थाप मारत, आणि शंका बिचारी खोकून बाहेर पडे. खोल बुडीचा दिवस उजाडला तेव्हा समुद्र खवळलेला. बोटीवर पाच विद्यार्थी, पाचांचे चेहरे भिजलेल्या पापडासारखे. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता, की हा तरी बोलेल. पण सरांच्या आयुष्यातली पहिली बुडी रद्द करायला लावणारा म्हणून कुणाला नाव काढायचं होतं?

"सर," चष्मेवाला म्हणाला, "एकाची हवा संपली तर दुसऱ्याने द्यायची, तो सराव राहिलाय."

"खाली गेल्यावर करू. इथे लाटा आहेत."

चष्मेवाल्याने मास्क चढवला. काचेतून सर नेहमीसारखेच भव्य दिसत होते. मग त्याने बोटीखालच्या पाण्याकडे बघितलं. त्याने मास्क काढला.

"मी उतरत नाही."

"कान दुखतोय?" सरांनी उदारपणे सोय करून दिली.

कान दुखतोय म्हटलं असतं तर अब्रू वाचली असती. तो म्हणाला, "नाही. भीती वाटते."

बोटीवर कुणी हसेना. मग एकाला आठवलं की त्याचं पोट सकाळपासून ठीक नाही. दुसऱ्याची पाठ भरून आली. तिसऱ्याला घरून फोन येणार होता, भर समुद्रात. चौथा नुसता पट्टे सोडायला लागला.

सर क्षितिजाकडे बघत राहिले. "लिहून ठेवा," ते म्हणाले, "बुडी मी रद्द केलेली नाही. माणसं कमी पडली."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी चष्मेवाल्याने खाणीवर फोन लावला. बायको शटरच्या कुलपाशी झटापट करत असल्याचं सोंग करून ऐकत होती.

"बाई, मी. चहा करणारा."

"बोला."

"काल बोटीवरून तसाच परत आलो, कारण—"

"कारण कशाला सांगताय? रविवारी या. छातीइतक्या पाण्यात."

"किती दिवस?"

"गाळ सांगेल."

त्याने फोन ठेवला. बायको म्हणाली, "जुना टॉवेल न्या, नवा देणार नाही." तिने शटर वर ढकललं. दारात एक आजोबा चष्म्याची निखळलेली काडी रुमालात बांधून उभेच होते. चष्मेवाल्याने त्यांना स्टूल दिलं, बारीक स्क्रूची डबी उघडली आणि त्या काडीला बसेल असा स्क्रू शोधायला लागला.