अंगठ्याची शाई

अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात नव्या औषधाच्या चाचणीसाठी मी रुग्णांची संमती घेते. रुग्णाला वाचता येत नसेल, तर बाहेरचा साक्षीदार लागतो. त्या दिवशी एका निरक्षर आजीसाठी मी बाकावर बसलेल्या एका गृहस्थांना आत बोलावलं. ते दर्यापूरहून आजारी भावाला भेटायला आले होते.

बहुतेक साक्षीदार सही कुठे करायची एवढंच विचारतात. यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मी संमतीपत्र वाचत होते तसं त्यांचं बोट ओळींवरून फिरत होतं. मी एखादी ओळ गाळली की बोट तिथेच थांबायचं आणि मला मागे यावं लागायचं. नोंदणीचा शेवटचा दिवस होता, संमतीचं चित्रीकरण करणारा कॅमेरा चालू होता.

"समजलं ना, आजी?"

आजी हो म्हणाली. मी साक्षीदाराकडे पेन सरकवलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"बाईचा अंगठा तं पयलेच निळा हाये," ते हळूच म्हणाले. "मंग आता तिले कायले इचारून राहिल्या?"

वेळ वाचावा म्हणून शाई मीच आधी लावून ठेवली होती.

मग आजीनेच विचारलं, "नाई म्हटलं तं माही दवाई बंद होईन का?"

होणार नाही, हे मी नुकतंच वाचून दाखवलं होतं. पुन्हा सांगितलं. ती उठली. अंगठा धुवायला साबण मीच दिला.

आता शाईचं पॅड मी कपाटात ठेवते. ते काढायला उठावं लागतं, आणि तेवढ्यात बरेच जण काहीतरी विचारतात.