तिच्या तळपायाची हळद

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, संघटनेतल्या लोकांजवळ नाही, आणि गाभाऱ्यात उतरून ज्याच्यासमोर इतकी वर्षं हात जोडले त्याच्याजवळही नाही. त्याला सगळं आधीच ठाऊक असतं म्हणतात, पण ते आपण आपल्या सोयीसाठी म्हणतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा दुसरं एक कारण आहे — ते आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून जाल, म्हणून जरा थांबतो.

मी औंढ्याच्या देवळात गाईड आहे. आता गुडघे ऐकत नाहीत, त्यामुळे गाभाऱ्याच्या अरुंद पायऱ्यांपर्यंत लोकांना नेतो आणि मी वरच थांबतो. पण ही गोष्ट हिंगोली जिल्हा वेगळा होण्याआधीची, आम्ही परभणीत मोडत होतो तेव्हाची. आमची गाईड लोकांची संघटना होती. संघटना म्हणजे काय तर दहा-बारा माणसं, एक रबरी शिक्का आणि मी सेक्रेटरी. पूर्वी शिकवण्या घ्यायचो म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे.

नियम मोजकेच होते. स्टँडजवळच्या पारावर बसायचं, ज्याचा नंबर असेल त्याने त्या गाडीतले यात्रेकरू घ्यायचे. दुसऱ्याची पार्टी, म्हणजे यात्रेकरूंचा घोळका, चालू असताना ऐकत उभं राहायचं नाही. आणि आणखी एक — धाकट्याने काही विचारलं तर थोरल्याने सांगायचं, आणि खरं सांगायचं. देवळाची माहिती काही कुणाच्या बापाची नाही, असं भर बैठकीत म्हणून हा नियम मीच घालून दिला होता.

मोतीराम राठोड आमच्यात सगळ्यात उशिरा आला. जवळच्याच तांड्यावरचा. ऊसतोडीला निजामाबादकडे जायचा, तिथून तेलुगू उचलून आणलेली. दिसायला बरा होता आणि ते त्याला चांगलं माहीत होतं. खिशाला गॉगल अडकवलेला, केसांवरून सारखा कंगवा. बढाया तर इतक्या मारायचा की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. माहिती अर्धी खरी, अर्धी ठोकून दिलेली. कुठल्या राजाचं नाव आठवलं नाही तर सरळ दुसऱ्याचं घ्यायचा आणि पुढे चालू लागायचा.

आणि लोक त्याच्यावर खूश असायचे. का? मी किती वेळा स्वतःला विचारलं असेल.

आमच्याकडे नामदेवांची गोष्ट सांगावीच लागते. पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे हाकललं आणि त्यांच्यासाठी देऊळच फिरलं, ती. मी ती चार वाक्यांत सांगायचो, नीट, शुद्ध. मोतीराम काय करायचा? सगळ्यांना मागच्या बाजूला न्यायचा, डोळे मिटायला लावायचा, जागच्या जागी हळूहळू फिरायला लावायचा आणि मग म्हणायचा, "उघडा आता डोळे. सांगा, तुमी फिरले का देऊळ फिरलं?" म्हाताऱ्या पदराने डोळे पुसायच्या. मला कसं माहीत? मी खांबाआड उभा राहून ऐकायचो. नियम मोडून — एकदा नाही, पुष्कळदा.

जळत होतो मी त्याच्यावर. याला दुसरा शब्द नाही. पारावर माझा नंबर असायचा आणि गाडीतून उतरलेल्या बाया विचारायच्या, मोतीभाऊ कुठंय? तो आत आहे म्हटलं की म्हणायच्या, मग आमी थांबतो. थांबतो! पोरंबाळं घेऊन उन्हात थांबायच्या, पण माझ्याबरोबर यायच्या नाहीत. घरी जेवायला बसलं की घास फिरायचा. बायको विचारायची काय झालं, मी म्हणायचो पित्त.

एकदा स्टँडच्या कँटीनमध्ये त्याने माझी नक्कल केली. मी आत येतोय हे त्याला दिसलं नव्हतं. कंडक्टर लोकांसमोर चष्मा नाकाच्या टोकावर आणल्यासारखं करून, "हेमाडपंथी... हेमाडपंथी..." असं माझ्या आवाजात म्हणत होता. सगळे हसले. मी पण हसलो. नक्कल फार चांगली होती, आणि तेच मला सोसलं नाही.

मग ते कठीण वर्ष आलं. यात्रेकरू कमी झाले होते, आणि आले त्यांची स्टँडवर गाईड लोक ओढाओढी करतात, देवळात मनाला येईल ते सांगतात, अशा तक्रारी वर गेल्या. खोट्या नव्हत्या. ठरलं असं, की औरंगाबादहून पुरातत्त्व खात्याचे एक साहेब येतील, प्रत्येकाकडून देऊळ समजावून घेतील, आणि जो पास होईल त्यालाच बिल्ला. बिल्ला नाही त्याने आवारात काम करायचं नाही. पारावरची चेष्टामस्करी बंद झाली. मोतीरामसुद्धा गॉगल काढून गंभीर झाला. लग्न झालेलं, घरात दोन लेकरं, आणि ऊसतोडीला परत जायचं नाही म्हणून त्याने हे काम धरलेलं.

तो माझ्याकडे आला. मागच्या भिंतीवर, हत्तींच्या ओळीवर, एक बाई कोरलेली आहे. एक पाय वर घेऊन तळपायातला काटा काढतेय.

"मास्तर, ती बाई कोन हाय? साहेबानं इचारलं तर काय सांगू?"

मला माहीत होतं. अशा बाया कितीतरी देवळांवर असतात, पुस्तकात त्यांना सुरसुंदरी म्हणतात, तिची वेगळी अशी गोष्ट नाही. एवढं सांगितलं असतं की झालं. तेवढ्यात — कसं सांगू? ज्याला आयुष्यात एक गोष्ट रंगवून सांगता आली नाही, त्या माझ्या तोंडून एक आख्खी गोष्ट बाहेर पडली. म्हटलं, ती मूर्ती घडवणाऱ्या पाथरवटाची बायको. रोज लांबून अनवाणी भाकरी घेऊन यायची. तो कामातून मान वर करायचा नाही. भाकरी ठेवायची नि जायची. एक दिवस ती आलीच नाही. तेव्हा त्याने वाटेवर पाहिलं तर रक्ताचे ठिपके, किती दिवसांचे कुणास ठाऊक. मग त्याने सगळे देव बाजूला ठेवून आधी तिला कोरलं.

 मोतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आन हे आजवर काहून सांगितलं न्हाई, मास्तर?"

"जुन्या पोथीत वाचलंय," मी म्हणालो. आणि पुढे म्हणालो, "साहेबांना हे नक्की सांग. जाणकार माणूस आहे, खूश होईल."

पाप कुठलं ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर हे शेवटचं वाक्य. गोष्ट एक वेळ आपोआप सुचली असेल. हे वाक्य मी ठरवून बोललो.

परीक्षेच्या आधी चार-आठ दिवस गेले, तेवढ्यात त्याने ती गोष्ट दोन-चार पार्ट्यांना सांगूनही टाकली. कुरुंद्याच्या बायांची एक गाडी होती, त्या ऐकून तिथेच बसून राहिल्या. मी खांबाआड होतो. माझी गोष्ट त्याच्या तोंडून ऐकत होतो, आणि ती माझ्या तोंडी होती त्याहून चांगली झाली होती. तेव्हासुद्धा मी त्याला बाजूला घेऊन थांबवू शकलो असतो. थांबवलं का? उलट वाटलं, होऊ दे.

साहेब आले. सेक्रेटरी म्हणून मी सोबत होतो. मोतीराम छान बोलला. बाईपाशी आला, ती गोष्ट सांगितली, आणि साहेबांनी चष्मा काढला. याला आधार काय, म्हणाले. ही मूर्ती कुठेकुठे आहे, हिचं नाव काय, हे सगळं त्यांनीच सांगितलं. मग विचारलं, तुला हे कोणी शिकवलं?

 मोतीरामने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोनी न्हाई, साहेब. मीच जुळवलं."

पदरच्या गोष्टी इतिहास म्हणून खपवतात हीच तर तक्रार आहे, असं म्हणून साहेब पुढे निघाले. मी त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर होतो. नुसतं "मी सांगितलं" म्हणायचं होतं. माझा बिल्ला गेला असता. मला निदान शिकवण्या पुन्हा घेता आल्या असत्या, त्याला काय होतं? मी साहेबांना पुढचा खांब दाखवला.

वर्षाच्या शेवटी धर्मशाळेत बैठक झाली. अहवाल मीच लिहिला, मीच वाचला. हे वर्ष संघटनेला कठीण गेलं, तरी आपण शिस्त आणली, वगैरे. आणि त्यात एक वाक्य होतं: एका सहकाऱ्याला बेजबाबदार माहितीमुळे बिल्ला मिळू शकला नाही, यातून सर्वांनी बोध घ्यावा. मोतीराम तिथेच होता. बिल्ला नसताना आला होता, सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन. अहवाल संपल्यावर त्यानेही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो पारावर दिसला नाही.

वाटलं होतं, आता घास नीट उतरेल. माझे नंबर मला मिळू लागले, आणि लोक माझ्यासमोर जांभया देऊ लागले.

ती गोष्ट मात्र गेली नाही. कुरुंद्याच्या बायांनी ती गावाकडे नेली. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा घरच्या हळदीची पुडी सोबत होती — जखमेवर हळद लावतात ना, तशी त्यांनी त्या दगडी तळपायाला लावली. झाडणारा पुसून टाकायचा, दुसऱ्या लावायच्या. मग वसमतच्या बाया, मग तेलंगणातल्या. जिल्हा वेगळा झाला तोवर तो पाय पिवळा पडला होता. यात्रेकरूच विचारू लागले, हळदीच्या पायाची बाई कुठंय? मग सगळे बिल्लेवाले ती गोष्ट सांगू लागले. मीही सांगतो. कुणी सांगितली म्हणून विचारलं तर म्हणतो, जुने लोक सांगतात. आणि आमच्या लोकांत तिला म्हणतात मोतीरामची गोष्ट. त्याची! माझ्या काळजात अजून कळ येते. माझ्या उभ्या आयुष्यातली एकच चांगली गोष्ट, आणि ती त्याच्या नावावर.

काही वर्षांनी वाशीमला जाताना आमची बस कनेरगाव नाक्यावर थांबली. धाब्याच्या भट्टीपाशी तो होता, हातात झारा. केस पांढरे झालेले, गॉगल नव्हता. त्याने मला आधी ओळखलं. हात पुसत आला, बळंच बसवलं, चहा मागवला.

"त्या बाईच्या पायाला आजून हळद लावून राहिलेत का?"

मी हो म्हणालो. तो खुलला. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तवा साहेबाला मी तुमचं नाव न्हाई सांगितलं. तुमची बी वाचन्यात चूक झाली आसंल. मानूस हाय. दोगांचे बिल्ले जाऊन काय फायदा?"

इतकी वर्षं तो हे धरून होता. मी चुकलो होतो असं.

खरं सांगायची पुन्हा एक संधी आली होती. समोर कुणी साहेब नव्हता, बिल्ल्याची भीती नव्हती. मी म्हणालो, "हो रे. वाचण्यातच चुकलं माझं."

त्याने माझ्या हातावर थोपटलं. मग शेजारच्या बाकावर बसलेल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "हे आमचे मास्तर. ती पाथरवटाच्या बायकोची गोष्ट म्या तुमाला सांगतो ना, ती ह्यांची हाय. माही न्हाई, ह्यांचीच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक म्हातारी तर हात जोडायला लागली. आणि मला — हेच ते दुसरं कारण, जे मी सुरुवातीला टाळलं — मला लाज वाटली नाही. लाज पुढे बसमध्ये वाटली, बरीच उशिरा. त्या क्षणी मला आनंद झाला, आणि ती गोष्ट माझी आहे हे तुम्हीही ऐकावं म्हणून तर हे सगळं सांगतोय. मी मान थोडी झुकवली, मोठे लोक झुकवतात तशी, आणि मोतीरामने पुढे केलेला चहा पिऊन टाकला.