ब्रेकात न गेलेलं कलम

गाडीच्या पुढच्या चाकाखाली नारळ ठेवून आबा आधी टोपी काढायचे, मग हात जोडून डोळे मिटायचे.

"बा देवा म्हाराजा, आज ही गाडी घाटार निघाली आसा. तिचो गिअर आपसून सुटता, रेडिएटर गळता, पाटो मोडललो आसा. ह्या सगळा तुका म्हायती आसा. तरी तिका सुखरूप परत हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," माल भरायला आलेले हमाल म्हणायचे. मीही म्हणायचो.

देवाला गाऱ्हाणं आमच्याकडे कोण घालत नाही? पण यंत्राच्या दुखण्यांचं गाऱ्हाणं मी फक्त आबांच्याच तोंडून ऐकलं. घरातल्या म्हातारीची तब्येत वैद्याला सांगावी, तसा सूर असायचा. गाऱ्हाणं लांबलं की हमाल माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायचे, कारण गाडीत शेजारी बसून जायचं असायचं मला.

मी तेव्हा मालवणला एका नारळाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होतो. नारळ आणि सुकी मासळी बेळगावला पोचवायची, येताना गूळ-बटाटे आणायचे, आणि मालाची राखण म्हणून मी. गाडी आबांची स्वतःची. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेला जाडजूड ट्रक. आबांच्या गावच्या, तोंडवलीच्या खाऱ्या वाऱ्याने त्याचा पत्रा खाल्ला होता. माझ्या बाजूचं दार सुंभाने बांधलेलं. हँडल मारून मारून घाम निघाला की मग इंजिन खोकत सुरू व्हायचं. घाटात पाणी उकळायचं, उतरताना गिअर निसटायचा, हँडब्रेक तर केव्हाच कामातून गेला होता. मी कुरकुर केली की आबांचं उत्तर ठरलेलं.

"चलता मां? मग झाला."

चालायची, हे खरं. पण कशाच्या जिवावर, ते मला त्यांच्या बागेत गेल्यावर कळलं. त्या लष्करी ट्रकचे सुटे भाग फक्त मुंबईच्या भंगारबाजारात मिळत आणि विकणारा तोंडाला येईल ती किंमत सांगे. आबांकडे रोकड कुठली? मग एकेक हापूस कलम ते वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्याला कायमचं लिहून देत. झाड उभं आबांच्या जागेत, पण फळ आणि लाकूड व्यापाऱ्याचं. मला बाग दाखवताना आबा मजेत होते.

"ह्यो किलच. त्यो थंय रेडिएटर. आणि ह्यो ॲक्सल, औंदा बरो धरलो हा."

मी हसलो. किलच म्हणजे क्लच; ज्या भागापायी झाड गेलं, त्याचंच नाव झाडाला. अख्खी बाग त्या गाडीने खाल्ली होती. विहिरीजवळ एकच कलम आबांचं उरलं होतं. ते काकींचं. आबांच्या बायकोला आम्ही सगळे काकी म्हणायचो. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरून, जामसंड्याहून, मचव्यात मांडीवर घेऊन त्यांनी ते आणलं होतं.

काकी चहा घेऊन आल्या आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, "कारकुनानू, तुमी तरी सांगा ह्येंका. ब्रेकातली रबरां गेली हत. माझा कलम घाला म्हणतंय, पण ब्रेक करून घेवा."

आबांची चेष्टा एकदम थांबली. "ता नाय," ते म्हणाले. बस्स, एवढंच. काकी कप उचलून आत गेल्या.

त्या वर्षी थंडीत आम्ही निघालो, तेव्हा आबा ब्रेकच्या तेलाच्या, गळून कोरड्या पडलेल्या भांड्यात काकींच्या स्वयंपाकघरातला डबा रिकामा करत होते. मी वाकून वास घेतला आणि हबकलोच.

"आबा, ह्या खोबरेल?"

"तेल ता तेल. चलता मां?"

त्यांनी ब्रेक दाबून दाखवला. लागत होता. आमच्या किनाऱ्यावर खोबरेल फारसं थिजत नाही. क्वचित थिजलंच तर बाटली अंगणातल्या उन्हात ठेवायची, की झालं. पुढचा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

येताना आंबोलीला मुक्काम पडला. सकाळी हुडहुडी भरली होती. डोक्याला लावायला काढलेली बाटली मी हॉटेलच्या चुलीपाशी धरून पातळ केली, आणि आबांनी त्यातलंच थोडं तळहातावर घेतलं. मग चहा पिऊन घाट उतरायला लागलो.

पहिल्याच वळणावर आबांचा पाय ब्रेकवर अडला. त्यांनी पुन्हा सगळा भार देऊन दाबला. दगडासारखा घट्ट.

"थिजला," ते म्हणाले.

तेवढ्यात गिअर सुटला आणि गुळाच्या ओझ्याखाली गाडी धावत सुटली. दरी माझ्या बाजूला होती, डोंगर आबांच्या. गाडी थांबवायची तर डोंगरावर घालायची, आणि डोंगरावर घालायची म्हणजे स्वतःला घालायचं. त्यांना विचार करायला वेळ लागला नाही. "घट धरा," म्हणाले आणि चाक आपल्याकडे ओढलं.

माझ्या कपाळाला खोक पडली, तेवढीच. पलीकडे वळून बघितलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

आमच्याकडे सरणाला आंबा लागतो. पण तोडायचा तो रायवळ, कोयीपासून आपसूक वाढलेला. कलमाला कुऱ्हाड लावायची कल्पनासुद्धा कोणी करत नाही. दुसऱ्या दिवशी माणसं कुऱ्हाडी घेऊन बागेत शिरली आणि थबकली. रायवळ नव्हताच. किलचला हात लावायचा नाही, रेडिएटरला नाही, ॲक्सलला नाही. सगळी झाडं दुसऱ्याची. शेजारच्या कोणाचा रायवळ मागायचा, याची कुजबुज सुरू झाली.

काकी विहिरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"ह्या तोडा."

"काकी, मोहोर इलो हा गो," कोणीतरी म्हणालं.

"तेंनी माझ्यासाठी ठेयला. आता तेंकाच जांवदे."

कपाळाला पट्टी बांधून मी तिथेच उभा होतो. पहिला घाव बसला तसा मोहोर विहिरीत झडला, आणि काकींनी पाण्यावरची नजर काढली नाही.