एक दंड पुसला, एक ठिवला

तवा घरात आमी चौघी. आत्याबाई म्हंजे माजी सासू, थोरल्या जाऊबाई, मी आन् माजी सात म्हैन्याची लेक. बापय कुनी न्हवतं, मालक आन् थोरलं भावजी दोघंबी लढाईवर. आन् एक दिस चावडीत येऊन बसला देवी काढनारा, म्हंजे देवीची लस टोचनारा डाक्तर.

पलूसच्या अंगाला आमचं गाव. डाक्तर आला की बाया पोरं कनगीमागं लपवायच्या. न्हाईच जमलं तर टोचून घ्यायचं आन् वाटंतच वल्या पदरानं दंड पुसून राख चोळायची. समद्या गावाची तीच रीत. "देवी आपल्या पायानं आली तर येगळं, सरकारी मानसानं घातल्याली कशाला ठिवायची?" असं आत्याबाईंचं म्हननं.

डाक्तरानं पोरीच्या दोनी दंडांवर लस लावून काट्यांची फिरकी फिरवली. पोरगी गप. मंग माज्या तोंडाकडं बघितलं आन् भोकाड पसरलं.

डाक्तर म्हनला, "टोचलं तिला, तोंड वाकडं तुम्ही करताय. आधी तुम्ही हसा."

वाटंत मी उजवा दंड पुसला. डाव्याला हात जाईना. माहेरी मानदेशात माजा धाकटा भाऊ देवीनंच गेल्याला. डावा झबल्याखाली झाकला आन् घरात सांगितलं, दोनी पुसलं.

आठवड्यानं डावा दंड टरारून फुगला. पोरीला ताप भरला. न्हायला मीच घालायचे, कुनाला दाऊ दिलं न्हाई. पर जीव थाऱ्यावर न्हवता. पोरीला काय झालं तर ते माज्याच हातानं. त्या भ्यानं माजं दूध आटलं. पोरगी चोखायची, काय येत न्हाई म्हनून किंचाळायची.

जाऊबाई म्हनल्या, "शेळी पाला खाऊन दूध देती, हिला भाकरी खाऊन येईना."

आळीव झालं, खीर झाली. थेंब न्हाई. तिसऱ्या दिशी पोरीचा आवाजच बसला. तवा मी आत्याबाईंम्होरं झबलं वर केलं.

"ह्यो एक पुसला न्हाई, आत्याबाई."

म्हातारीनं दंड बघितला, मंग मला बघितलं. "पोटात चोरी ठिवल्यावर दूध कुठं ऱ्हाईल गं?" आन् जाऊबाईंना म्हनल्या, "फोडनी बंद कर, कडूलिंबाचा डगळा आन. देवी घरात आलीया, आलेल्या पाव्हनीला हाकलत न्हाईत."

मी रडता रडता हसले. पोरगी मांडीवर घेतली, तिनं तोंड लावायच्या आदीच चोळी वली झाली. डाक्तरानं औशिद दिलं न्हाई, कुनी मंतर टाकला न्हाई. निस्तं बोलले, आन् पान्हा फुटला.

ताप दोन दिसात उतरला. खपली पडली. पुढं दोन वरसांनी गावात खरी देवी आली, लय पोरं गेली. माजी लेक त्यात खेळली, तिला काय झालं न्हाई.

हे कोन वाचंल त्याला एवढंच सांगनं हाय. घरातल्या बाळंतिनीचं दूध आटलं तर तिला बोल लावू नगा. जवळ बसा आन् कशाचं भ्या वाटतंय ते इचारा.