घेवड्याचं बोलणं मावेल एवढी जागा

माझ्या बाइंडिंगच्या दुकानाला लागूनच त्याचं केस कापायचं दुकान आहे. मधली भिंत लाकडी फळ्यांची, त्यामुळे त्याचं बोलणं मला कित्येक वर्षं फुकटात ऐकायला मिळालं. लोक त्याला आधी बोलघेवडा म्हणायचे. मग एवढा लांब शब्द रोज कोण उच्चारणार, म्हणून नुसताच घेवडा. त्याला त्याचं काही वाटत नसे. "घेवडा तर घेवडा, दोडका तर नाही ना म्हणत," असं तोच हसून सांगायचा.

दुकान लहान. एक चांगली खुर्ची, एक हात मोडलेली, भिंतभर आरसा आणि थांबणाऱ्यांसाठी बाक. गिऱ्हाईक बसलं, मानेभोवती कापड गुंडाळलं, की कात्रीच्या आधी तोंड सुरू. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या आईचे गुडघे, कुणाच्या घरमालकाचा खवटपणा, सगळं त्याला पाठ. मी गप्प स्वभावाचा. माझ्या दुकानात सुई आणि खळीशिवाय कुणाचा आवाज नाही. त्याचं बोलणं भिंतीपलीकडून येत राहायचं आणि मला वाटायचं, आपल्या वाटचंही हाच बोलतोय.

मागच्या वर्षी त्याचा घसा बसला. सुरुवातीला आम्ही चेष्टा केली. त्याचं जुनं गिऱ्हाईक असलेले शाळेतले मास्तर म्हणाले, "इतकी वर्षं चालवलास, आता सर्व्हिसिंगला टाक." तोही हसला. पण घसा उघडेना. काढे झाले, गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. शेवटी मोठ्या दवाखान्यात नळी घालून पाहिलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास मानेला केलेल्या भोकातून घ्यायचा. नंतर बोलायचे दुसरे मार्ग असतात, शिकवू, असंही ते म्हणाले. मी शेजारी उभा होतो, मी ऐकलं. घेवड्याने फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं.

परत येताना तो म्हणाला, "बाइंडर, कात्री तर समोरच्याकडेही आहे."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे काचेच्या दाराचं नवं सलून निघालं होतं. थंडगार हवा, गुळगुळीत खुर्च्या.

"माझ्यापेक्षा धारदार आहे," तो म्हणाला. "लोक माझ्याकडे केस कापायला येतात असं वाटतं तुम्हाला?"

"मग?"

"विचारपूस करून घ्यायला येतात. मुका न्हावी कुणाला हवाय? ऑपरेशन करून आल्या आल्या खुर्ची रिकामी होईल बघा."

घरात कमावणारा तो एकटाच. वहिनी दुकानाचे टॉवेल धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालून आणून द्यायच्या. दुसरं काही नाही. त्यामुळे खुर्ची रिकामी होण्याची भीती काही उगाच नव्हती.

दवाखान्यात थांबलेलं कुणीतरी कानात बोंडं घालून एका लहानशा यंत्रावर भाषण ऐकत होतं. ते त्याच्या डोक्यात बसलं. दोन दिवसांनी मला ओढून तो विजेच्या वस्तूंच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या बाईंनी काचेखालून खिशात मावणारे, आवाज भरताही येणारे पाच-सहा प्लेअर काढून मांडले.

"किती गाणी ठेवायचीत, काका?"

"गाणी नाहीत. बोलणं."

"कुणाचं?"

"माझं."

"किती आहे?"

घेवड्याने माझ्याकडे पाहिलं, जसा काही मी ते मोजत बसलो होतो. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सगळं."

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "लहानातलं घ्या. लोक उगाच मोठं नेतात. हजारो गाणी भरतात आणि ऐकतात तीच दहा-बारा. बोलण्याला तर जागा आणखी कमी लागते."

"आणि सगळ्यात मोठ्यात किती राहील?"

"त्यात? तुम्ही दिवसरात्र न थांबता बोललात तरी तीन महिने पुरेल."

मला वाटलं, आता हसेल. पण त्याचा चेहराच उतरला. "तीनच महिने?" तो म्हणाला. "आणि चौथ्या महिन्यात?"

बाई हसल्या आणि मग त्याच्याकडे बघून हसायच्या थांबल्या. त्याने सगळ्यात मोठं घेतलं. वाटेत म्हणाला, "तिला काय कळतंय? ती दिवसभर विकते, बोलते कुठे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दार लोटून घेतलं. मी पलीकडे पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होतो. "तर काय..." असं ऐकू आलं. मग शांतता. परत "तर काय म्हणत होतो..." आणि शांतता. त्या भिंतीतून शांतता यायची मला सवय नव्हती. जीव घाबरला आणि मी हात न पुसताच तिकडे गेलो.

तो प्लेअर हातात धरून रिकाम्या खुर्चीसमोर उभा होता. "होत नाही हो," तो म्हणाला. "खुर्चीशी काय बोलू? डोकं लागतं. हातात केस असल्याशिवाय माझं तोंड चालत नाही."

मग मी बसलो. दुसरं कोण बसणार होतं? त्याने माझ्या मानेभोवती कापड बांधलं, प्लेअर आरशाखालच्या फळीवर ठेवला, कात्री उचलली आणि म्हणाला, "तुम्ही आता शिंपीदादा. बोलायचं नाही."

बोलायचं नाही हे काम मला जमण्यासारखं होतं.

"या शिंपीदादा! काय, आईचे गुडघे काय म्हणतात?" त्याने सुरुवात केली आणि मग गप्प होऊन नुसती कात्री चालवत राहिला. मी आरशातून बघितलं तर त्याने बोटाने खूण केली, थांबा. थोड्या वेळाने मला कळलं. शिंपी आईचं पुराण लावतो, त्याच्यासाठी तो जागा सोडत होता. कोण किती लांब उत्तर देतो हे त्याला माहीत होतं. मास्तरांना कमी जागा, शिंप्याला भरपूर, औषधवाल्याला अजिबात नाही, कारण तो नुसता हुंकार देतो.

असं रोज दुपारी चाललं. एकेक दिवस एकेक गिऱ्हाईक. प्रत्येकाच्या केसांइतकं लांब बोलणं. अडचण एकच, डोकी अनेक आणि डोकं माझं. आठवड्याच्या आत माझ्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नाही. बायकोने विचारलं, "उवा झाल्या का?" तरी तो मला बसवायचाच. माझ्या टकलावरून कंगवा फिरवायचा आणि हवेत कात्री वाजवायचा. तो आवाज आत आला पाहिजे, म्हणे, नाहीतर गिऱ्हाइकाला खरं वाटणार नाही.

आवाज मात्र दिवसेंदिवस फाटत होता. शिंप्याचं बोलणं बऱ्यापैकी आलं होतं. मास्तरांच्या वेळेपर्यंत वाक्याच्या शेवटी नुसता वारा. बोलून झालं की तो भिंत धरून खोकायचा. डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितलं होतं. वहिनी टॉवेल घेऊन आल्या की दारातूनच सुरू व्हायच्या.

"गप्प बसायला सांगितलंय ना तुम्हाला?"

"गप्प तर बसायचंच आहे. जरा उसंत दे."

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना!"

मी काय सांगणार? मी शिंपी, मास्तर, औषधवाला होऊन बसलेलो. मला बोलायची बंदी होती.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी वहिनींसह आम्ही तिघं त्या विजेच्या दुकानात गेलो. घेवड्याच्या मनात एकच भीती होती, जागा संपली असेल आणि शेवटचं काही आलंच नसेल. बाईंनी आधी प्रत्येकाचं बोलणं वेगळं काढून त्यावर नावं घालून दिली. शिंपी, मास्तर, असं. मग तो प्लेअर तारेने कॉम्प्युटरला जोडून पडद्यावर एक आडवी पट्टी दाखवली. भरलेली जागा निळी, रिकामी पांढरी.

पट्टी सगळी पांढरीच होती.

"पुसलं गेलं?" घेवडा ओरडायला गेला, पण आवाज फुटलाच नाही.

"नाही, काका. सगळं आहे. हे बघा." बाईंनी डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे नखाच्या कडेएवढी निळी रेघ होती.

"एवढंच?"

"एवढंच. मी म्हटलं होतं ना, लहानातलं चाललं असतं."

इतके दिवस त्याला धास्ती होती की बोलणं मावणार नाही. आता ते मावलं होतं आणि त्याची धास्ती वाढली. दुकानातून बाहेर पडताना त्याचा पाय पायरीवर चुकला, मी दंड धरला. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाइंडर, लोक इतकी वर्षं एवढ्यासाठी यायचे?"

वहिनी मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यात माझ्यासाठी काय भरलंय?"

तो थांबला.

"नाही, सहज विचारलं," वहिनी म्हणाल्या. "घरी आलात की 'हं' आणि 'वाढ' याशिवाय तिसरा शब्द नाही तुमचा. दिवसभर गावाशी बोलून दमलेले असता. मला म्हणजे फरकच पडायचा नाही." आणि असं म्हणून त्या भराभर पुढे चालायला लागल्या, आम्हाला तोंड दिसू नये अशा.

ऑपरेशनला फार वेळ लागला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा वहिनी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, कानात बोंडं घालून. प्लेअर त्यांच्या मुठीत होता. मी शेजारी बसलो तरी त्यांना कळलं नाही. मध्येच त्या एकदा फिसकन हसल्या आणि लगेच पदराने तोंड दाबून इकडेतिकडे बघायला लागल्या.

"काय ऐकताय?" मी विचारलं.

"औषधवाला चाललाय." त्यांनी एक बोंड काढलं. "भाऊजी, हा माणूस एवढं बोलतो? शिंप्याच्या आईच्या कुठल्या गुडघ्याला सूज आहे तेसुद्धा माहीत आहे यांना. आणि थट्टा काय करतात! मला यातलं काहीच माहीत नव्हतं." मग त्यांनी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे बघितलं, अजून बंदच होतं, आणि बोंड परत कानात घातलं.

घेवडा वाचला. बऱ्याच दिवसांनी घरी आला, आणखी काही दिवसांनी दुकान उघडलं. मानेच्या भोकात केसाचा बारीक तुकडाही जाऊ द्यायचा नाही अशी तंबी होती, म्हणून वहिनींनी मऊ जाळीच्या कापडाची गळपट्टी शिवून दिली होती. प्लेअरला एक छोटा स्पीकर जोडून त्याने फळीवर ठेवला. मी माझं काम टाकून बाकावर जाऊन बसलो. मास्तर आधीच तिथे होते, पेपर वाचत. खरं म्हणजे वाचत नव्हते, कारण पान उलटलं जात नव्हतं. समोरच्या काचेच्या दारातून लोक आत-बाहेर करत होते आणि घेवडा प्रत्येकाकडे बघत होता.

पहिला आला शिंपी. मुकाट्याने खुर्चीत बसला. घेवड्याने त्याला कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला आणि बटण दाबलं.

"या शिंपीदादा! काय, आईचे गुडघे काय म्हणतात?"

शिंपी आरशात दगडासारखा झाला. मास्तरांनी पेपर खाली केला. शिंप्याची आई वारली होती, घेवडा दवाखान्यात असताना. त्याला त्या अवस्थेत कुणी सांगितलं नव्हतं. आता मास्तरांनी नुसती मान हलवली आणि घेवड्याला कळलं. त्याचा रंगच उडाला. तो प्लेअरकडे झेपावला. घाईत बटण सापडेना, कात्री खाली पडली. तोंड उघडलं होतं, पण त्यातून क्षमेचा एक शब्द निघू शकत नव्हता. फळीवर नुसती प्लेअरमधली कात्री वाजत होती, शिंप्यासाठी सोडलेली जागा चालू होती. मला वाटलं, संपलं. हा उठणार आणि पुन्हा कुणी बसणार नाही.

"राहू दे," शिंपी म्हणाला. "बंद करू नकोस."

घेवड्याचा हात हवेतच राहिला.

"बरे आहेत," शिंपी आरशाकडे बघत प्लेअरला म्हणाला. आवाज जड होता, पण नेहमीसारखाच सावकाश. "परवा जिना चढली. मी म्हटलं, कशाला चढलीस, तर मलाच रागावली." तो बोलत राहिला, मोकळ्या जागेत बरोबर मावेल एवढं, आणि संपल्यावर प्लेअर म्हणाला, "म्हातारी खमकी आहे हो! मी विचारलं म्हणून सांगा."

"सांगतो," शिंपी म्हणाला.

घेवड्याने कात्री उचलली, पुसली आणि कापायला लागला. त्याचे डोळे गळत होते आणि तो ते खांद्याला पुसत होता. केस जरा वेडेवाकडेच कापले गेले. उठताना शिंप्याने मान झटकली, आरशात पाहिलं, म्हणाला, "समोरच्याने बरे कापले असते," आणि दारातून वळून, "हे माझं पुसू नकोस. पुढच्या महिन्यात येतो."

मग खुर्ची रिकामी झाली. घेवड्याने टॉवेल झटकून खुर्चीवर मारला आणि मास्तरांकडे न बघता उभा राहिला. बघायचा त्याला धीर नव्हता. अजून कितीजणांच्या घरात काय काय बदललं असेल, कुणाला काय लागेल, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

मास्तरांनी पेपरची घडी घातली. "मला काय काय विचारलंयस ते आधी कळू दे," ते म्हणाले. "मुलीच्या लग्नाचं असेल तर ते मोडलं. चांगलं झालं मोडलं ते, पण घरचं कुणी सोबत असताना ते लावू नकोस. बदलीचं विचारलंस तर हरकत नाही, ती अजून लोंबकळतेच आहे. आणि निकालाचं असेल तर उत्तर देणार नाही. माझा वर्ग आहे, माझी लाज आहे."

असं बोलत बोलतच ते खुर्चीत बसले होते. घेवड्याने त्यांच्या मानेभोवती कापड बांधलं, बटणावर बोट ठेवलं आणि आरशातून त्यांच्याकडे बघत थांबला.

"लाव रे," मास्तर म्हणाले. "एवढा काय विचार करतोस?"