पोरींचं माप

श्रावणातल्या त्या दुपारला माझ्या मनात अजून ओल्या साबणाचा वास आहे. लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याखाली कासारीण टोपली उतरवायची आणि बायकांचे हात साबणाच्या पाण्यात भिजवून, मुठी दाबून दाबून, हिरव्या काचेच्या बांगड्या चढवायची. गिरणी संपाचं दुसरं वर्ष होतं. भोंगा वाजत नसल्यामुळे दुपार कुठे सुरू होते नि कुठे संपते, ते कळेनासं झालं होतं. आईचा हात त्या दिवशी कासारणीने भिजवलाच नाही. नेहमीच्या मापाची बांगडी नुसती सोडली. आईने हात वर केला तशी ती थेट कोपराशी घरंगळली. त्याहून लहान घातली, तीही गेली. मग कासारणीने मान वर करून आईकडे पाहिलं.

"वहिनी, ह्याच्याखाली आता पोरींचं माप."

आई म्हणाली, चालेल. त्या दिवशी आम्हां दोघींना एकाच मापाच्या बांगड्या लागल्या. मी अकरा वर्षांची होते आणि मला त्याचा फार आनंद झाला. त्या आनंदाची लाज मला आजही वाटते.

संप सुरू झाला त्याच महिन्यात आई नवस बोलली होती, संप मिटेपर्यंत एकवेळ जेवीन. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कापड विणणारे. संपात अंतःकरणापासून उतरलेले. नवसाला घरात कोण हरकत घेणार? उपाशी म्हटलं की लाज, उपवास म्हटलं की पुण्य, हा आमच्याकडचा जुना शहाणपणा. तिच्या वाटचा भात आम्हां भावंडांच्या ताटांत यायचा आणि श्रेय देवाच्या पदरी पडायचं. चाळीतल्या बायका नळावर तिचं कौतुक करायच्या, कशी सडपातळ झालीस, लग्नातल्यासारखी दिसतेस म्हणायच्या. त्या कौतुकाचा मला आता संताप येतो, पण तेव्हा तेही कुणी फुकट देत नव्हतं.

पुढे अण्णांना शिवडीच्या एका गोदामात काम मिळालं. भाताचं पातेलं पुन्हा भरू लागलं, रविवारी माशाच्या तिखल्याचा दरवळ गॅलरीभर पसरू लागला आणि आई मात्र आम्हांला वाढून संध्याकाळी दिवा लावून नुसती बसून राहू लागली. व्रत मोडता येत नाही, त्याचं उद्यापन करावं लागतं. आणि उद्यापन करायचं तर संप मिटायला हवा. तो कुणी मागे घेतलाच नव्हता. गिरणीच्या दाराला कुलूप लागलं, चिमणी थंड झाली, साचे भंगारात गेले, अर्धी चाळ गावाला निघून गेली, तरी संप आपला चालूच. एका संध्याकाळी अण्णांना वाढता वाढता आई हळूच म्हणाली, "अहो, संप मिटलो म्हणा नि माका मोकळी करा."

अण्णांनी घास खाली ठेवला. "मिटूक नाय. मागे घेवक नाय कोणी."

तिने पुन्हा विचारलं नाही. एक शब्दच तर मागितला होता. पण तो शब्द उच्चारायचा म्हणजे हरलो म्हणायचं, आणि अण्णांना ते जमण्यासारखं नव्हतं. ते हरले नाहीत. आई झिजत गेली. तिने आपणहून सोडायचं होतं, असं लोक मला सांगतात. मीही तसं म्हणून पाहिलं आहे. पण वर्षानुवर्षं मारलेली भूक हाक मारल्याबरोबर परत येत नाही; आणि खरं सांगायचं तर, त्या घरात संपूर्णपणे तिची अशी ती एकच गोष्ट होती, तिचं न जेवणं. मी कॉलेजात असताना साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. अहेव गेली, भाग्यवान, असं म्हणत बायकांनी तिला हिरव्या बांगड्या भरल्या. पोरींच्या मापाच्या.

आज मी पन्नाशी ओलांडली आहे, गिरगावात राहते. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि मी आज्ञाधारकपणे उतरवलं. ओळखीच्या बायका वाटेत थांबवून कौतुक करू लागल्या. ब्लाउज आवळावे लागले. पहाटेच्या रिकाम्या पोटात एक थंडगार, स्वच्छ सुख असतं, त्याची मला चटक लागली. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता पुरे, आता थांबा. मी मान डोलावली आणि त्याच आठवड्यापासून रात्रीची भाकरीही बंद केली. आईला समज नव्हती असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

परवा लालबागला अण्णांकडे गेले होते. ते आता फार थकले आहेत, माणसं कधी ओळखतात, कधी नाही. त्यांचं ताट वाढून मी समोर ताकाचा पेला घेऊन बसले. फळीवरची लोणच्याची बरणी काढायला हात वर केला आणि माझी बांगडी कोपरापर्यंत घरंगळली. काचेचा तो बारीक आवाज त्यांनी ऐकला. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी आपलं ताट माझ्याकडे सरकवलं.

"मिटलो गो संप. जेव आता."

त्यांनी मला ओळखलं होतं, की माझ्या जागी त्यांना दुसरंच कुणी दिसत होतं, ते मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. एवढं वाक्य त्यांच्यापाशी होतं तर, आणि ते त्यांनी तिच्या मरणानंतरही इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. मी भात कालवला. रागानेच घास घेतला, आणि तो घशाखाली उतरेपर्यंत अण्णा माझ्याकडे एकटक बघत होते.